किंचित चढा

खोक्यातून सगळं निघालं, फक्त आवाज निघाला नाही.
बासवुडचं अंग, पॉलिश न केलेलं,
मेपलची मान, चार स्क्रू,
आणि पोटात तीन खड्डे, पिकअपसाठी.
बरोबर आलेले तीन मी काढून ठेवले.
दुकानातला कालेर्वो म्हणाला होता,
“ते दाराच्या बेलला लाव.”

तेव्हापासून बस डेपोच्या पावत्यांच्या पाठीवर
यादी करतोय:
अल्निको दोन की पाच, की सिरॅमिक,
सात किलोओहम, चौदा किलोओहम,
“उबदार”, “काचेरी”, “मधाळ”.
मला गिअरबॉक्सचं दुखणं ऐकून कळतं,
पट्टा कधी तुटणार तेही कळतं.
मधाळ म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

खरा प्रश्न एवढाच: वेटोळं एक, की दोन?
केसाहून बारीक तांब्याची तार,
आठ हजार वेढे, मधोमध चुंबक.
एकच असेल तर गिटार बोलते,
आणि तिच्याबरोबर घरातली वीजही बोलते.
दोन असतील, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली,
तर गुणगुण गुणगुणीला खाते.
कालेर्वोच्या मते थोडं गाणंही
त्याच घासात जातं.

शुक्रवारी राकेल आली, समोरच्या दारातून,
वेलदोड्याचा पाव घेऊन.
एक्क्याऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवला,
आता दोन्ही कानांत मशीन.
मी फळीवर एकच तार ताणली होती,
तिच्याखाली उसना आणलेला सिंगल कॉइल.
अ‍ॅम्प्लिफायर चालू केला,
आणि तार छेडायच्या आधीच
ऊंऽऽऽ
मी ओशाळलो. आवाज कमी करायला वाकलो.

“राहू दे,” ती म्हणाली. मान कलती करून ऐकत राहिली.
“जी आहे. किंचित चढा.
कोक्कोलातल्या प्रत्येक भिंतीत हाच आहे.
चाळीस वर्षं माझ्या ऑर्गनशी भांडला मेला.”

मग कानामागचं बटण चाचपलं.
“इथेही एक वेटोळं आहे. चर्चमध्ये जमिनीखालून
तार फिरवलीय, त्यांचा माईक सरळ माझ्या डोक्यात येतो.
तिसऱ्या बाकापर्यंत पाद्री. चौथ्यापासून नुसती वीज.”
अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला कान टेकवून बसली,
एखाद्या पोराच्या छातीला टेकवावा तसा.
“वाजव.”
वाजवलं.
“पुन्हा. हं. हवा नाही मध्ये.
आता तो मंद दिवा घालव, तोच कटकट करतोय.
आणि वळ. खिडकीकडे नको. अजून थोडा. थांब.”

ऊं बसला. पूर्ण नाही.
बाहेर नोव्हेंबरचे साडेतीन, म्हणजे रात्रच.
पिकअप हातात धरून मी
फ्रीजकडे पाठ करून उभा होतो,
कुणी फोटो काढत असल्यासारखा.

“वेटोळ्याला दिशा असते,” ती म्हणाली.
“मी चर्चमध्ये मान वाकडी करून बसते ती त्यासाठी.
लोकांना वाटतं, काय भक्ती!”

मानेकडे सिंगल कॉइल, पुलाकडे हंबकर:
दोन्ही मागवले. मधाळची चौकशी केली नाही.
मधला खड्डा रिकामा राहिला.
डिसेंबरात सोल्डर केलं. बोट भाजलं, दोनदा.
एकेक वाजवला तर ठीक.
दोन्ही एकत्र लावले तर आवाज बारीक, नाकातला,
पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.
हिरवी तार पांढरीच्या जागी गेली होती.
पाच मिनिटांचं काम. इस्त्री तापायला ठेवली.

“नको,” राकेल म्हणाली.
“बहीण फोनवर अशीच यायची. रोवानिएमीहून, रविवारी.
सोमवारी कर काय ते.”

सोमवार झाला. त्यानंतरचाही.
सोल्डरची इस्त्री थंड आहे,
आणि मधल्या खड्ड्यात मी
उरलेले स्क्रू ठेवतो.